बोका, घूस आणि चौथी चौकट

"कोरी भिंत दिसली की मला पुढं जाववत नाही," असं कचरू पेंटर एकदा बायकोला म्हणाला होता. पुष्पाबाई तेव्हा भाकरी थापत होती. तिनं मागं वळूनही न बघता सांगितलं, "मंग डोळे मिटून चालत जा." दुसऱ्या दिवशी त्यानं ते करूनही बघितलं आणि मारुतीच्या पाराला अडखळून नडगी फोडून घेतली. रक्त पुसता पुसता त्याचं लक्ष पाराच्या मागच्या भिंतीकडं गेलं. ती कोरी होती.

कुंभार पिंपळगावात आणि आसपासच्या पंधरा-वीस गावांत त्याचा हात लागला नाही असं लग्नघर सापडणं कठीण. दाराच्या दोन्ही बाजूंना सोंडेत हार धरलेले हत्ती, वर समोरासमोर पोपट, मध्ये 'शुभविवाह', खाली नवरा-नवरीची नावं. पोरीला मूल होऊन ते चालायला लागलं तरी भिंतीवर तिचं नाव नवरीचंच असे. सायकलच्या हँडलला रंगाचे डबे अडकवून कचरू पहाटे निघायचा. भिंत संपली की निघाला. लोक म्हणायचे, जेवून जा. तो उभ्यानं चार घास खायचा, हात धोतराला पुसायचा आणि पायडलवर पाय ठेवायचा. पाय एका जागी ठरत नसत. रात्री अंथरुणावरसुद्धा त्याचा उजवा हात चादरीवर काहीतरी गिरवत राही, आणि पुष्पाबाई तो हात उचलून त्याच्याच छातीवर ठेवी.

नावाची गोष्ट साधी होती. त्याच्या आधीचे दोन भाऊ वर्षाच्या आत गेले. म्हणून आई झुंबरबाईनं ह्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, परत उचललं आणि नाव ठेवलं कचरू. टाकलेल्या वस्तूकडं यम वळून बघत नाही, असा हिशेब. तो जगला. पण आपण कुणाच्या तरी डोळ्यांत धूळ टाकून इथं राहिलोय, असं त्याला लहानपणापासून वाटायचं.

एक्क्याऐंशी साली जालना वेगळा जिल्हा झाला, त्या दिवशी बसस्टँडसमोरच्या ख्वाजामियाँनं आपल्या हॉटेलाबाहेर एक फळी काळी रंगवून टांगली आणि कचरूला बोलावलं.

"कचरूभाई, बडे अक्षरात लिवा. आजपासून आपला जिल्हा जालना."

कचरूनं लिहिलं. खाली हातभर जागा उरली. कोरी. त्यानं खडू फिरवून तिथं एक जाडा बोका काढला, गळ्यात हार, खुर्चीत बसलेला. आणि खुर्चीच्या खालून तोंड काढणारी एक घूस. पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी चार माणसं फळ्यापुढं थांबली. "काय हो पेंटर, त्या घुशीनं पुढं केलं काय?"

तिथून लागलं ते लागलंच. दर बाजारी चार चौकटी. एक कान फाटलेला, मिशीवर ताव देणारा, स्वतःला शहाणा समजणारा बोका. आणि अंगभर माती, बारीक डोळे, कधी एक शब्द न बोलणारी घूस. बोका सरपंचकीला उभा राहिला, घुशीनं मतपेटीला खालून भोक पाडलं. बोक्यानं विहिरीवर इंजन बसवलं, घुशीनं पाइप कुरतडला आणि सगळं पाणी बोक्याच्याच बिछान्यात सोडलं. चौथ्या चौकटीत बोका तोंडावर आपटलेला असायचाच. दोन जावांचं भांडण लागलं तरी गावात म्हणायला लागले, बोका-घूस लागलंय. जांब समर्थहून दर्शन करून परतणारे लोक कंडक्टरला गळ घालायचे, "दोन मिनटं थांबवा, बोका बघून येतो."

"एकांद्या बाजारी तरी त्या बोक्याला जिंकू द्या की, पेंटर," लोक म्हणायचे.

"यील त्याची पाळी," कचरू म्हणायचा आणि हातावरचा खडू झटकत निघायचा.

बोक्याला तो जिंकू का देत नव्हता, हे त्याच्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक असू शकत होतं. त्या माणसाला ते ठाऊक आहे की नाही, ह्याचाच कचरूला पत्ता नव्हता.

सातवीत असतानाची गोष्ट. शाळेत रंगपेटी एकच होती, पत्र्याची, बारा वड्यांची, तातेराव मास्तरांच्या कपाटात. चित्रकलेच्या परीक्षेला अंबडला जायचं होतं. पेटी एक, म्हणून पोरगा एक. वर्गात चित्रं काढणारे दोन होते, कचरू आणि धर्मराज. कचरूनं घागर काढली की घागर दिसायची. धर्मराजनं काढली की आत पाणी आहे असं वाटायचं. हे मास्तरांना कळत होतं, पोरांना कळत होतं आणि सगळ्यांत जास्त कचरूला कळत होतं. शनिवारी मास्तर नाव सांगणार होते. शुक्रवारी मधल्या सुट्टीत कचरूनं कपाटातून पेटी उचलली आणि सदऱ्याच्या आत घातली. एक रात्र घरी न्यावी, त्या रंगांनी एक तरी घागर काढावी, बस. असं त्यानं तेव्हा स्वतःला सांगितलं.

सुट्टी संपली. मास्तरांनी कपाट उघडलं आणि दार लावून घेतलं. "दप्तरं मांडीवर घ्या."

शेजारी धर्मराजचं कापडी दप्तर पडलेलं होतं, तोंड उघडं. धर्मराज वर्गातल्याच माठापाशी पाणी प्यायला उठला होता. कचरूचा हात गेला. एवढंच त्याला आठवायचं. हात गेला की आपण नेला, भीतीनं गेला की शनिवारच्या नावासाठी गेला, हे त्याला पुढं बत्तीस वर्षांत ठरवता आलं नाही.

"घूस!" मास्तर ओरडले. "माझी शाळा पोखरतो का रे, घुशी?" छडी तुटेपर्यंत मारलं. धर्मराज रडला नाही. त्यानं कचरूकडं बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं कचरूला पुढं कितीदा तरी वाटलं. दुसऱ्या दिवसापासून धर्मराजच्या बापानं त्याला विहिरीच्या कामावर नेलं. कचरू अंबडला जाऊन आला. त्याला सी ग्रेड मिळाली.

धर्मराज विहिरी खणणारा झाला. पहार, सुरुंग, दोरानं खाली, दोरानं वर. गावात त्याचं नाव घूसच राहिलं. पोरासोरांना वाटायचं, जमीन पोखरतो म्हणून घूस. जुन्या लोकांना नाव खरं का पडलं ते माहीत होतं. लग्नाच्या मांडवात तो आला की कुणीतरी हमखास ओरडायचं, "पेट्या-बिट्या झाका रे, घूस आली!" मांडव हसायचा. धर्मराजही हसायचा. कचरू कुठल्या मांडवात थांबायचा नाही त्याचं एक कारण हेही होतं.

मग फळ्यावर सतरा वर्षं घूस जिंकत राहिली. कचरूनं ह्याला मनातल्या मनातसुद्धा काही नाव दिलं नव्हतं. फक्त चौथी चौकट पुरी झाली की घटकाभर त्याची तगमग थांबायची. सायकलवर टांग टाकली की पुन्हा सुरू.

धर्मराज दर बाजारी फळ्यापाशी यायचा, चौथी चौकट बघायचा, अर्धा कप चहा घ्यायचा आणि जायचा. सतरा वर्षांत त्या फळ्याबद्दल तो कचरूशी एकदाच बोलला.

"घुशीच्या मिशा खाली पडलेल्या असत्यात. तू वर काढून राह्यला."

कचरूनं विहिरीच्या काठावर पालथं पडून एक घूस नीट बघितली. मिशा खालीच होत्या. पुढच्या बाजारापासून त्यानं त्या खाली काढल्या, आणि घूस एकदम जिवंत दिसायला लागली. त्या दिवशी तो घरी जेवला नाही.

अठ्ठ्याण्णव साली ख्वाजामियाँच्या हॉटेलात रंगीत टीव्ही आला. दिवसभर त्यावर कुठल्या तरी परमुलखातली चित्रं पळायची, आपटायची, चपटी होऊन पुन्हा उठायची. फळ्यापुढची गर्दी आत सरकली.

"क्या करना, कचरूभाई," ख्वाजामियाँ म्हणाला, "तुमचे बोका आन् घूस बुढ्ढे झाले. सतरा साल तेच चालू हाये. मी बोलतो, त्यांचं बचपन दाखवा. लहान होते तवा कसे लडत होते. बघा, पब्लिक बराबर बाहेर येती की न्हाई."

"त्यांचं लहानपण न्हाई," कचरू म्हणाला.

"ऐसा कैसा? उकिरड्यावर थोडेच सापडले!" ख्वाजामियाँ हसला, मग जीभ चावून म्हणाला, "तुमच्यावर न्हाई बोललो, भाई. कान पकडतो."

कचरू दोन बाजार टाळत राहिला. तिसऱ्या बाजारी त्याच्या हातानं आपसूकच काढलं: टोपडं घातलेला बोका, पाटी काखेत मारलेली घूस, शाळेचा पहिला दिवस. लोक टीव्ही सोडून बाहेर आले. पुढच्या बाजारी नदीच्या डोहात दोघांची बुडी मारण्याची शर्त, त्याच्या पुढच्याला बोरीच्या झाडावर कोण उंच चढतो ते. म्हातारी माणसंसुद्धा फळ्याला नाक लावून बघायला लागली. "अगं बया, हे तर आमच्या आळीतल्या बोरीचं झाड!" आणि सगळ्यांचा एकच प्रश्न: "पर पेंटर, ह्यांची दुश्मनी लागली कशी?"

ख्वाजामियाँनं परस्परच फळ्याखाली लिहून टाकलं: येत्या बाजारी, दुश्मनी कशी लागली.

त्याच आठवड्यात पुष्पाबाई गिरणीवरून दळण घेऊन आली ती चढ्या आवाजातच आली.

"ऐकलं का? त्या दुर्गाबाईचं बघा काय झालं. धर्मराजची दुर्गाबाई हो. केदारखेड्याचं स्थळ आल्तं त्यांच्या पोरीला. काकासाहेब म्हणून पाव्हणा, लई सरळ माणूस. बोलणी होत आल्ती. मंग त्येनं स्टँडवर घर इचारलं, तर कोन्या मेल्यानं सांगितलं, घुशीचं घर व्हय, जा सरळ. पाव्हण्यानं इचारलं, घूस का म्हंतेत? तर शाळेतली चोरी सांगितली. पाव्हणा तसाच मागं फिरला. म्हून गेला, येत्या बाजारी येतो, चौकशी करतो, मंग सांगतो."

कचरूचा हात ताटातच थांबला.

"दुर्गाबाई रडून राह्यली तिथं पिठात. म्हंती, माझी पोरगी तवा जन्मलीबी नव्हती. बापानं लहानपनी पेटी उचलली, त्याचं तिनं काय करावं?"

"त्यानं न्हाई उचलली."

"आँ?"

"काय न्हाई."

"तुमाला काय ठावं?"

"भाकर दे," कचरू म्हणाला, आणि भाकर यायच्या आत उठून गेला.

पुढचे चार दिवस त्याला गावानं सगळीकडं पाहिलं आणि कुठंच पाहिलं नाही. एका भिंतीवर हत्तीचं अर्धं अंग काढून तो निघून गेला. घरवाले दुपारी बघतात तर हत्तीला मागचे पाय नाहीत. धर्मराज काम करत होता त्या विहिरीपर्यंत तो दोनदा गेला. एकदा काठावर उभा राहिला. खालून पहारीचा आवाज येत होता, ठण्, ठण्, मध्ये धाप, पुन्हा ठण्. खोल खाली एक टक्कल पडलेलं डोकं दिसत होतं. हाक मारावी म्हणून त्यानं तोंड उघडलं. दोर धरून उभा असलेला गडी म्हणाला, "काय पेंटर, विहीर रंगवायची का?" कचरू हसला आणि वळला.

पाहुण्याला गाठून सांगावं, तर काय म्हणून सांगावं. दुर्गाबाईला सांगावं, तर ती आधी विचारील, इतके दिवस कुठं होता. पुष्पाबाईला सांगावं, तर तिच्या शेजारी पुढच्या रात्री झोपायचं कसं. तोंडानं सांगायची एकेक वाट तो चालून बघत होता आणि प्रत्येक वाटेवर त्याला सातवीतला तो वर्ग लागत होता, दार लावलेला. शेवटी उरला फळा. फळ्यावर आपल्याला खोटं बोलता येत नाही, असं त्याला वाटलं. खरं म्हणजे सतरा वर्षं तो तिथं दुसरं काहीच करत नव्हता.

बाजारच्या दिवशी उजाडताच तो आला. ओल्या फडक्यानं फळा तीनदा पुसला. पहिली चौकट: वर्ग, कपाट, कपाटात पेटी. दुसरी: बोक्याचं पिल्लू कपाटात हात घालतंय. तिसरी: दाढीवाला बोकड मास्तर दार लावतोय, बोक्याच्या सदऱ्याखाली चौकोनी फुगवटा. चौथ्या चौकटीला त्याला तासभर लागला. बोका पेटी घुशीच्या दप्तरात सरकवतोय. घूस पाठमोरी, माठापाशी, हातात पेला. ती पाठ त्यानं इतकी नीट काढली की खडू ठेवल्यावर त्याला स्वतःलाच तिकडं बघवेना.

तो आत जाऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसला. बाजार भरत गेला. बाहेर गलका वाढला, आणि मग हसण्याची एक लाटच्या लाट आत आली.

"आयला! आज बोका जिंकला!"

"दप्तरात घातली बघा कशी गपचिप! वा रे बोक्या!"

"सतरा वर्षांचं उट्टं काढलं एका झटक्यात!"

कुणीतरी शिट्टी मारली. टाळ्या पडल्या. ख्वाजामियाँ धावत आत आला. "कचरूभाई, कमाल केली! पब्लिक पागल झालं! मी बोललो नव्हतो, एक दिन बोक्याचा येणार?"

कचरूनं दारातून बाहेरची गर्दी पाहिली. घूस म्हणजे चोर, हे गावाच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की चोरी करताना समोर दाखवलेला बोकाही त्यांना हुशार दिसत होता. सतरा वर्षं आपणच त्यांना असं बघायला शिकवलं. तो उठला. बाहेर जाऊन पुसून टाकावं, असं वाटलं. तेवढ्यात दारात धर्मराज उभा राहिला. त्याच्याबरोबर पांढऱ्या टोपीतला एक उंच, हाडकुळा माणूस होता. केदारखेड्याचे काकासाहेब. दोघंही फळा बघून आत आले होते.

"दोन चहा," धर्मराज म्हणाला. मग बसला नाहीच. "कचरू."

हॉटेलातली माणसं वळली. ह्या दोघांना एकमेकांचं नाव घेताना कुणी ऐकलेलं नव्हतं.

"हे पाव्हणे इचारून राह्यले, चित्रात काय हाये म्हून. मला काय कळंना. त्वा काढलं, त्वाच सांग. बोका कोन?"

कुणीतरी मागून म्हणालं, "बोका म्हंजे बोका! घुशी, तुझीच जिरवली आज!"

"तू गप," धर्मराज शांतपणे म्हणाला. "कचरू, बोका कोन?"

कचरूनं खिशात हात घातला. खडूचा तुकडा होता. तो धर्मराजला वळसा घालून बाहेर गेला. माणसं बाजूला झाली. फळ्यापुढं उकिडवा बसून त्यानं चौथ्या चौकटीतल्या बोक्याच्या खाली अक्षरं काढायला सुरुवात केली, दुकानाच्या पाटीची, ठळक, सावली दिलेली: कचरू लक्ष्मण. हजेरीपटावर होतं तसं. मग घुशीच्या पाठीखाली: धर्मराज गंगाराम. मग पुन्हा बोक्याकडं येऊन त्यानं खाली लिहिलं: सातवी. पेटी ह्यानं घेतली.

हसणं कडेकडेनं विझत गेलं. वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना सांगितलं. कुणीतरी "अरे, म्हंजे" एवढंच म्हणालं. काकासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली, फळा दोनदा वाचला आणि धर्मराजकडं वळले.

"सोयरे, चला, बसा. चहा घिऊ."

सोयरे हा शब्द सगळ्यांनी ऐकला. धर्मराजनंही ऐकला. पण तो हलला नाही. तो फळ्याकडं बघत होता, पाठमोऱ्या घुशीकडं, आणि त्याचे डोळे चित्र बघणाऱ्या माणसाचे झाले होते, बारीक, मापं घेणारे.

"पाठ बराबर काढली," तो म्हणाला. मग आवाज खाली आला. "पर हे खडूचं हाये, कचरू. दर बाजारी पुसतो तू. उंद्या पुसशीन, परवा दुसरं काढशीन. पोरीचं काम झालं, ठीक. ते तिचं झालं. माझं न्हाई झालं."

कचरू उठून उभा राहिला. हात पांढरे झाले होते.

"मला त्वांडानं पायजे," धर्मराज म्हणाला. "माझ्याकडं बघून. एकडाव. बाकी काय नको."

ख्वाजामियाँनं टीव्ही बंद केला. त्यानंतर जे ऐकू येत होतं ते फक्त बाजार होता, मिरच्यांच्या कापडी पालापाशी कुणीतरी भाव ओरडत होतं. माणसं थांबली होती. पुष्पाबाईही कुठून तरी येऊन पिशवी धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अजून काहीच नव्हतं.

"बोल की रे," धर्मराज म्हणाला. जवळजवळ प्रेमानं म्हणाला. "बत्तीस वर्षं थांबलो. तुला कशाची जल्दी हाये?"

कचरूनं त्याच्याकडं बघितलं. सातवीनंतर पहिल्यांदा नीट बघितलं. भुवयांत दगडाची पूड, डाव्या डोळ्याखाली सुरुंगाचा जुना काळा डाग, ओठ कोरडे. त्यानं तोंड उघडलं. उजवा हात मांडीशी काहीतरी गिरवायला लागला, तेव्हा त्यानं डाव्या हातानं तो घट्ट धरला. माणसं पुढं वाकली. धर्मराज वाकला नाही. तो होता तिथंच उभा राहिला.

कचरूनं तोंड मिटलं. सायकल भिंतीला टेकलेली होती, तिकडं तो गेला नाही. माणसांच्या मधून, काकासाहेबांच्या बाजूनं, पुष्पाबाईच्या जवळून, तिच्याकडं न बघता, बाजाराच्या गर्दीत शिरून तो चालत निघून गेला.